स्टेशन लागतंय तोवर सेट जुळवून घ्या

मिडियम वेव्हवरची स्टेशनं कमी होत चालली, म्हणून जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या रेडिओ सेटना आता काय किंमत, असं विचारतात. किमतीचं राहू दे. मला काळजी आहे ती जुळवणीची, म्हणजे डायलवर काटा जिथे असेल तिथलंच स्टेशन लागावं याची. काटा कुठे यायला हवा, हे स्टेशनच सांगतं. रत्नागिरी ११४३ किलोहर्ट्झ, मुंबई ५५८ आणि १०४४. समुद्रावरून मिडियम वेव्ह लांबपर्यंत टिकते, त्यामुळे किनाऱ्यावर हे काम घाटापलीकडच्यापेक्षा सोपं. हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारा सिग्नल जनरेटर मिळतो, पण जुन्या जनरेटरची डायलही सरकलेली असते. तिची खात्री स्टेशनवरच करून घ्यावी.

पण आधी सेट चालता हवा, आणि कोकणात घात करतो तो कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आवाजाचा सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हला देऊन डीसी अडवणारा कंडेन्सर. मेणातला कागदी कंडेन्सर दमट हवा पितो आणि गळू लागतो. मग स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवर, पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तसाच ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणं कठीण. आउटपुट व्हॉल्व्ह ईएल८४ असेल तर सेट तापल्यावर त्याची पिन २ (ग्रिड) आणि चासी, म्हणजे सेटचा धातूचा सांगाडा, यांच्यामध्ये डीसी मोजा. शून्याच्या आसपास हवं. एक व्होल्ट पॉझिटिव्ह दिसलं तरी कंडेन्सर काढा. बहुतेक सेटमध्ये तो ०.०१ मायक्रोफॅरडचा असतो. जागी त्याच मापाचा, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन बसवा.

दुसरं दुखणं खाऱ्या वाऱ्याचं. आयएफ म्हणजे आलेलं स्टेशन एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणून वाढवणारा भाग. त्याच्या डब्यातल्या कॉइलची केसासारखी तार झाळेपाशीच हिरवी पडून तुटते. सेट बंद ठेवून दोन्ही कॉइल मीटरवर बघा. काही ओहम दाखवायला हव्यात. अख्खा पावसाळा पडून राहिलेला सेट थेट प्लगला लावू नका. ६० वॅटचा साधा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लख्ख राहिला तर लगेच बंद करा.

आता जुळवणी. आधी आयएफ जुळवा, सेटच्या सर्किटच्या नकाशावर दिलेल्या आकड्याला, बहुधा ४५५ किलोहर्ट्झला. मग काटा ५५८ वर ठेवून ते स्टेशन लागेपर्यंत ऑसिलेटर कॉइलचा (काट्याची जागा ठरवणाऱ्या कॉइलचा) गाभा फिरवा, ११४३ वर ट्रिमर, म्हणजे तिच्यासोबतचा स्क्रूने फिरणारा छोटा कंडेन्सर. एक फिरवला की दुसरं थोडं हलतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात. स्क्रूड्रायव्हर प्लॅस्टिकचा, लोखंडी टोक जवळ आलं की कॉइलच बदलते. काट्याच्या जागा कागदावर लिहून तो मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा. पुढे स्टेशन नसेल तेव्हा हाच कागद उपयोगी पडेल.

स्टेशन गेल्यावरही मागच्या पिकअप सॉकेटमध्ये (रेकॉर्ड प्लेअर जोडायच्या जागी) फोनचं गाणं देता येतं: डावा आणि उजवा चॅनल एकेका १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करून. यात कॉइल आणि आयएफला काहीच काम उरत नाही, म्हणून अधूनमधून काटा बँडवरही फिरवा, नुसती खरखर आली तरी. मात्र मेन ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटला फोन कधीही जोडू नका. त्याची चासी थेट मेनवर असते.