आंबेनळी, आठशे सीसी आणि पाच माणसं

दिवाळीनंतरच्या चार दिवसांत आम्ही ताम्हिणी घाट उतरलो, रायगड पाहिला, महाबळेश्वरला राहिलो आणि पसरणी घाटाने वाईत उतरून पुण्याला परत आलो. फोटो सगळीकडचे आहेत. मला मात्र आंबेनळी घाटात वाडा कुंभरोशी गावाच्या पुढच्या एका वळणाबद्दल लिहायचंय, आणि तिथला एकही फोटो नाही.

आमची गाडी लहानशी आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. डिकीत दोन बॅगा बसल्या की तिसरी कुणाच्या तरी पायाशी. चालवते मी, कारण घरात लायसन्स माझ्या एकटीकडेच आहे. नवरा पुढे माझ्या शेजारी, रस्ता दाखवायला. म्हणजे मोबाईलवर नकाशा उघडून डुलक्या काढायला. मागे नणंद, सासूबाई आणि आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव. नणंदेला गाडी लागते म्हणून तिला खिडकी, चिरंजिवांना खिडकी नसेल तर भोकाड. मग मधल्या उंचवट्यावर पाय ठेवून, पायात तिसरी बॅग घेऊन सासूबाई. "आई, मागे आरामात बसा," असं आम्ही प्रत्येक प्रवासात म्हणतो. त्याही बसतात. त्यांचे गुडघे दुखतात हे आम्हाला माहीत आहे, दर तासाला चहाला थांबतो ना!

रायगडाला रोपवेच्या रांगेत जेवढा वेळ गेला तेवढ्यात पाय धड असलेली माणसं पायऱ्यांनी वर जाऊन खाली आली असती. वर बाजारपेठेची जोती पाहून चिरंजिवांचा एकच प्रश्न होता, की घोड्यावर बसून सौदा करताना घोड्याने लीद टाकली तर कोण उचलायचं. गाईडकडे उत्तर नव्हतं. महाडला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पोलादपूर.

पोलादपुराहून महाबळेश्वरला चढणारा हा आंबेनळी घाट साधारण चाळीस किलोमीटरचा. सुरुवातीला सावित्रीचं खोरं सोबत असतं आणि रस्ता तसा समजूतदार वाटतो. पाऊस संपून महिनाही झाला नव्हता, कातळांतून पाणी अजून झिरपत होतं. वाडा कुंभरोशीपर्यंत आम्ही मजेत आलो. तिथून प्रतापगडाचा फाटा फुटतो. परत कधीतरी नीट वेळ काढून, असं म्हणून गड सोडला. (ही चौथी वेळ.) पुढे चढ खरा सुरू झाला. मी एसी बंद केला, कारण एवढ्याशा इंजिनाला एसी ओढायला लावून घाट चढायला सांगणं म्हणजे हमालाच्या डोक्यावर पोतं देऊन वर आपण बसणं. काचा खाली, गाडी दुसऱ्या गिअरला, आणि ती चढत होती बिचारी.

एका आवळ वळणावर वरून एक पांढरी गाडी आली, आमच्या दीडपट रुंद. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. हा नियम आहे आणि त्यामागे कारणही आहे: उतरणारा थांबला तर पुन्हा निघायला त्याला काही करावं लागत नाही, चढणारा थांबला तर त्याचे हाल. त्या गृहस्थांना यातलं काही माहीत नसावं. हात हलवून त्यांनी मला मागे जा म्हणून खुणावलं. मागे जीप होती. डावीकडे पावसाने खणलेली चारी. शेवटी मी चारीच्या कडेला डावं चाक टेकवून थांबले आणि ते काच वर ठेवून, माझ्याकडे न बघता, निघून गेले.

आणि आमची गाडी जागची हलेना.

हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, क्लच अर्धा सोडला, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. दुसऱ्यांदा सुरू झालं, हँडब्रेक सोडला, तर गाडी वर जायच्या ऐवजी हातभर मागे. पोटात गोळा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तिसऱ्या वेळी क्लच जळल्याचा वास आला. मागच्या जीपचा ड्रायव्हर उतरून आला आणि नवऱ्याच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "दादा, तुम्ही घ्या की स्टेअरिंग."

"मला येत नाही हो," नवरा म्हणाला. अगदी प्रसन्नपणे.

त्या माणसाने मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पण होता भला. दोन दगड आणून त्याने मागच्या चाकांना लावले आणि म्हणाला, "ताई, माणसं उतरवा. एवढं वजन नाय ओढायची ही."

गाडीचं स्वतःचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. आत आम्ही किती, याचा हिशेब चिरंजिवांनी मोठ्याने सुरू केला. बाबा चौऱ्याऐंशी. आजी अठ्ठावन्न. आत्या? "बावन्न," नणंद म्हणाली. गाडीत शांतता पसरली. चिरंजीव तोंड उघडणार एवढ्यात बाबांनी त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. पाठोपाठ नणंदही उतरली, दार जरा जास्तच जोरात लावून.

सासूबाईही उतरायला निघाल्या. "आई, तुम्ही पुढे या," मी म्हटलं.

इथे एक कबूल करते. मी त्यांना प्रेमाने बोलावलं नव्हतं. आमच्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, आणि चढावर भार मागे सरकला की तीच चाकं हलकी पडतात. मला पुढे अठ्ठावन्न किलो हवे होते.

त्या आल्या, बसल्या, पट्टा कसा लावायचा ते विचारलं. जीपवाला म्हणाला, घाबरू नका, दगड आहेत. मी क्लच हळूहळू सोडला, गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं झालं, हँडब्रेक सोडला आणि गाडी निघाली. थांबायची हिंमत नव्हती. पहिला गिअर, मग दुसरा, दीडेक किलोमीटर तशीच चढत गेले. मागे कोण राहिलंय याचा विचारही केला नाही.

"हे असं दिसतं होय तुम्हाला!" सासूबाई म्हणाल्या.

मी एका वळणात होते, उत्तर दिलं नाही. पुढच्या वळणाआधी त्या म्हणाल्या, "हॉर्न दे." मी दिला. त्यानंतर प्रत्येक वळणाआधी तेच. एकदा विसरले तर त्यांनीच हात लांब करून दाबला, आणि समोरून खरंच एसटी आली. रुंद जागा पाहून गाडी बाजूला लावली तेव्हा त्यांनी पाय लांब पसरले होते, चपला काढून. खाली कोयनेचं खोरं होतं. मी पाणी प्यायले, माझे हात थरथरत होते. त्या मात्र पायांकडे बघत होत्या. उजवा गुडघा वाकवला, सरळ केला, परत वाकवला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही ना," त्या म्हणाल्या. जरा नवलानेच.

बाकीची मंडळी अर्ध्या तासाने आली, घामाघूम, कशावर तरी खदाखदा हसत. नणंदेचा राग वाटेतच ओसरला होता. नवऱ्याने डावीकडचं पुढचं दार उघडलं. सासूबाई हलल्या नाहीत. त्याने जरा वाट पाहिली, मग दार लावलं आणि मागे गेला.

महाबळेश्वरच्या हॉटेलात गाद्या दमट होत्या आणि गरम पाणी सकाळी सात ते आठ एवढंच. पॉइंटांवर माणसांच्या पाठी पाहिल्या. जुन्या महाबळेश्वरी कृष्णामाईच्या हेमाडपंती देवळात मात्र कुणीच नव्हतं, तिथे तासभर बसलो.

परतताना पसरणी घाटात उतारावर मी दुसरा गिअर सोडला नाही. डावीकडून वळणावळणाला "हॉर्न दे" चालूच होतं. मागे मधल्या उंचवट्यावर, पायात तिसरी बॅग आणि गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेला नवरा वाईच्या अलीकडे म्हणाला, "मागे फारच अवघडायला होतं गं."

"चहाला थांबू की," सासूबाई म्हणाल्या.