चकचकीत स्टार आणि वडिलांचं सेनेटर

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एका टॅकल शॉपमध्ये, म्हणजे मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, मी रील दुरुस्तीचं काम करतो, गळाच्या काठीवर दोरी गुंडाळायचं चाक असतं ते रील. सीझनच्या तोंडावर नुसती झुंबड असते, त्यातच एक आजोबा पेन कंपनीचं सेनेटर 113 रील घेऊन आले, 4/0 साइजचं, त्यांच्या वडिलांचं. पेन ही शेजारच्या फिलाडेल्फियाची कंपनी, 1932 ची, त्यामुळे इथे गॅरेज उघडलं की एखादं जुनं पेन निघतंच. ह्याच्या ड्रॅग स्टारचे दोन हात तुटलेले होते.

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक आणि स्टार म्हणजे हँडलच्या खाली असते ती चांदणी, ती आवळली की आतले ड्रॅगचे वायसर दाबले जातात आणि माशाने किती जोर लावल्यावर दोरी सुटायची ते ठरतं. 1913 मध्ये कॅटालिना बेटाजवळ विल्यम बोशन नावाच्या मासेमाराने रॉडवर, म्हणजे गळाच्या काठीवर, पहिला ब्रॉडबिल स्वोर्डफिश (तलवार मासा) काढला तो असल्याच ड्रॅगवर, म्हणजे आयडिया शंभर वर्षांवर जुनी आणि अजून तशीच चाललीये.

तर आजोबांनी स्टार स्वतःच ऑनलाइन मागवलेला, चकचकीत, लांब हातांचा, कारण बोटं दुखतात. म्हणाले फक्त बसवून दे. मी हँडल काढून तो स्लीव्हवर, म्हणजे स्टार ज्यावर फिरतो त्या आट्यांच्या नळीवर, चढवला तर दीड वेढा गेला आणि अडकला. आजोबा म्हणे, पाना लाव की! म्हटलं अजिबात नाही, स्लीव्ह पितळेची आहे, आटे गेले तर तीही बदलायला लागेल आणि खर्च डबल. मग थ्रेड गेज, म्हणजे आटे जुळतात का बघायची दातेरी पट्टी, स्लीव्हवर ठेवून दिव्यासमोर धरला, बरोबर बसला, तोच स्टारच्या आट्यांवर ठेवला तर दातांमधून उजेड दिसायला लागला, तेव्हा कुठे पटलं त्यांना.

मग जुन्या पार्टचा डबा उपसला. एकाचे आटे जुळले पण मधला भाग बुटका, त्यात मी जुने तेलकट वायसर काढून कार्बनचे घातलेले आणि अख्खा थर थोडा बसका झालेला, म्हणून ड्रॅग पुरता आवळायच्या आतच स्टारचे हात रीलच्या बाजूच्या प्लेटला घासायचे. खाली एक जादा वायसर टाकून जमवता आलं असतं म्हणा, पण प्लेटवर ओरखडे पडायची रिस्क कशाला. लांब हातांचाही एक मिळाला, तो सैल करायला गेलं की हँडलला अडायचा, म्हणजे ड्रॅग पूर्ण मोकळा होणारच नाही. लोक फक्त आवळून बघतात, सैल करून कोणी बघत नाही.

शेवटी तळाशी सेनेटरचाच एक सापडला, क्रोम उडालेलं, पितळ कळकून हिरवं झालेलं. आटे ब्रशने घासले, तेलाचा थेंब सोडला, आणि बोटाने फिरवला तर सरसर खालपर्यंत गेला. दोरी 30 पौंडाची होती म्हणून वजनकाटा लावून 9 पौंडावर ड्रॅग सेट केला, ओढताना कुठे धक्का नाही की काही नाही, एकदम लोण्यासारखा.

आजोबांचं तोंड मात्र वाकडंच, दिसतो किती घाण म्हणे, क्रोम करून आणतो. मी सांगितलं आट्यांना झाकायला लावा, नाहीतर क्रोम आत चढून पुन्हा अडकेल. हो हो म्हणत गेले, आता बघू काय घेऊन येतात ते. मी डब्यातला तो बुटका स्टार बाजूला काढून ठेवलाय.