भेंडीला रविवार कळत नाही

पहिल्या वर्षीची एक भेंडी अजून माझ्या बँकेतल्या ड्रॉवरमध्ये आहे. वीतभर लांब, वाळून लाकूड झालेली. हलवली की आत बिया खुळखुळतात. काउंटरवर एखादं ग्राहकांचं बाळ रडायला लागलं की तीच काढून देते.

त्या भेंडीची गोष्ट अशी. बार्शी रस्त्यावर नान्नजच्या अलीकडे सासऱ्यांची वीस गुंठे जमीन आहे. मामंजी होते तोवर त्यात ज्वारी आणि थोडा हरभरा असायचा. ते गेल्यावर दोन वर्षं नुसतं कुंदा आणि काँग्रेस गवत माजलं. नवरा म्हणाला, वाट्याने देऊन टाकू. मी म्हटलं, थांबा, मी करते. मी बँकेत कारकून आहे. सुट्टी रविवारची, शिवाय दुसरा आणि चौथा शनिवार. सोलापुरातून गाडीवर पाऊण तास. मला वाटलं, पुष्कळ झालं एवढं.

जूनअखेर पहिला बरा पाऊस झाला आणि मी चार ओळी भेंडी लावली. सात-आठ दिवसांत उगवण, चाळीस दिवसांत फुलं. पिवळं फूल, आत गर्द तांबडा डोळा, सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. तोपर्यंत मी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. एका रविवारी झाडाझाडाला करंगळीएवढ्या भेंड्या दिसल्या. मी कौतुकाने फोटो काढले, आईला पाठवले आणि ठरवलं की पुढच्या रविवारी तोडू.

पुढच्या रविवारी सुरी लावली तर सुरी अडली. फूल पडल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायची असते, म्हणजे तोडा एक दिवसाआड. सातव्या-आठव्या दिवशी आत दोरा धरतो. वर आणखी एक गंमत, झाडावर भेंडी निबर होऊ दिली की झाड समजतं, आपलं काम झालं, बी तयार झालं. मग ते नवी फुलं धरायचं कमी करतं. माझ्या चार ओळी तीन आठवड्यांत म्हाताऱ्या झाल्या.

शेजारचे आप्पा बांधावर उभे राहून बघत होते. त्यांच्याकडे दोन म्हशी, थोडा ऊस आणि पाऊण एकर कांदा आहे. म्हणाले, "वैनी, भेंडीला काय रविवार कळतंय व्हय?"

त्यांनी ते हसत म्हटलं, पण मला ते फार लागलं. तेव्हापासून कोणतंही बी हातात घेतलं की आधी हाच प्रश्न विचारते : हे आठवडाभर माझी वाट बघेल का?

बहुतेक भाज्या बघत नाहीत. काकडी सातव्या दिवशी पिवळी पडलेली सापडते. गवार शिरकट होते. दोडक्याची तर बॅटच होते, अंग घासायला बरी. मेथी-कोथिंबीर जरा समजूतदार, एकदम उपटून न्यायची, प्रश्न मिटला. पण वांगं? वांग्याला शेंडे आणि फळं पोखरणारी अळी लागते. शेंडा मान टाकतो तेव्हाच तो खुडून नष्ट केला तर बरं. मी येईपर्यंत अळी शेंड्यातून उतरून फळात घर करून बसलेली असते. एका रविवारी अठरा वांगी तोडली, चिरली, त्यातलं अडीच वांग्याचं भरीत झालं.

मिरची मात्र माझी मैत्रीण आहे. हिरवी तोडायला उशीर झाला तर लाल होते, लाल तोडायला उशीर झाला तर झाडावरच सुकते. तिची काहीच तक्रार नसते. लाल भोपळाही तसाच, वेलावर पडून राहतो आणि घरी आणला तर कपाटावर महिनोन् महिने बसतो. कांदा, लसूण, भुईमूग जमिनीखाली शांत असतात. असं करत करत चार वर्षांत माझ्या वाफ्यांतून नाजूक मंडळी गेली आणि सोशिक मंडळी राहिली.

फळांचंही तेच झालं, पण ते शिकायला जरा महाग पडलं.

सोलापूर म्हणजे डाळिंब, हे लहानपणापासून ऐकलेलं. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2005 पासून. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मग आपणही भगवा जातीचं डाळिंब लावायचं, असं म्हणून आठ रोपं लावली. दोन वर्षं झाडं देखणी होती. तिसऱ्या वर्षी मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा बहार, धरला आणि ऑगस्टमध्ये सलग पाच दिवस झड लागली. सोमवार ते शुक्रवार! मी काउंटरवर बसून खिडकीतून पाऊस बघत होते. रविवारी गेले तर फळांवर तेलकट काळपट डाग, काही फळं त्या डागांवरून उभी तडकलेली. तेल्या. हा जिवाणूंचा रोग आहे, पावसाच्या थेंबांबरोबर उडतो, ओल्या हवेत पसरतो. त्यात करायचं ते पावसाच्या आधी आणि उघडीप मिळाली की लगेच. शनिवारची वाट बघून नाही. सगळी फळं तोडून खड्ड्यात पुरली, पुढे झाडंही काढली. द्राक्षाच्या तर वाटेलाच गेले नाही. नान्नज परिसरात काळे नावाच्या बागायतदारांच्या बागेत सोनाका आणि शरद सीडलेस या जाती निवडल्या गेल्या, त्याच मातीत माझी वीस गुंठे आहेत हा अभिमान पुरेसा आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, प्रत्येक पावसानंतर फवारा. ती सुट्टीतली शेती नव्हे, ती नोकरीच आहे आणि तिला दुसरा-चौथा शनिवार नाही.

खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात होत नाही, मार्चमध्ये होते. बँकवाल्यांना मार्चअखेर म्हणजे काय ते सांगायला नको. शेवटचे दोन रविवार गेलेच म्हणून समजायचं. आणि सोलापुरात त्याच पंधरवड्यात पारा चाळिशीकडे निघालेला असतो. पहिल्या वर्षी टोमॅटो लावले होते. एक एप्रिलनंतरच्या रविवारी पोचले तेव्हा ठिबकच्या पाइपला पाणीच नव्हतं. बोअरच्या पाण्यात क्षार फार आहेत, त्याने ड्रिपरची तोंडं बुजली होती. एका ठिकाणी खारीने लॅटरल, म्हणजे ओळीतली बारीक नळी, कुरतडली होती आणि तिथे पाणी साचून चिखल झाला होता, त्याच्या भोवती हिरवंगार गवत. बाकी ओळीत टोमॅटो झाडावरच भाजलेले. त्या चिखलाशेजारचं एकच झाड जिवंत होतं.

मग दुसऱ्या वर्षी पाण्याची व्यवस्था बदलली. विजेचं वेळापत्रक म्हणजे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आपण रविवारी जावं तर नेमकी लाइट रात्री साडेबाराला. म्हणून मोटरीला ऑटोस्विच बसवला आणि दगडी ओट्यावर पाच हजार लिटरची काळी टाकी ठेवली. लाइट येईल तेव्हा येवो, टाकी भरते. टाकीच्या तोटीला सेलवर चालणारा टायमर लावला. आठवड्यातून तीन दिवस, पहाटे अडीच तास. बेचाळीस झाडं, प्रत्येकाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर. हिशोब केला तर आठवड्याला अडीच हजार लिटर, म्हणजे अर्धी टाकी. लाइटने आठवडाभर दगा दिला तरी झाड तहानलेलं राहत नाही. कारकून असल्याचा एवढाच फायदा, बेरीज चुकत नाही. बुंध्याशी आप्पांच्या उसाचं पाचट वीतभर जाड अंथरलंय. मे महिन्यात ते बाजूला करून हात घातला तर खालची माती गार लागते.

या बेचाळीसांत चोवीस सीताफळं आहेत. उरलेल्यांत आठ शेवगे, सहा पेरू आणि चार लिंबं. सीताफळावर मी लट्टू आहे, आणि त्याचं कारण चव नव्हे. कारण असं, की हे झाड माझ्या नोकरीच्या वेळापत्रकावर चालतं. थंडी सरताना पानं गाळतं आणि उन्हाळाभर झोपतं. मार्चअखेरीला मी हजर नसते तेव्हा त्यालाही माझी गरज नसते. मेअखेर छाटणी करून पाणी वाढवायचं की पालवी आणि फुलं. शेळ्या त्याच्या पानाला तोंड लावत नाहीत. अर्धी झाडं बाळानगर आहेत आणि अर्धी एनएमके-1 गोल्डन. ही दुसरी जात आपल्याच जिल्ह्यातली, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याची. फळ मोठं, बिया कमी, आणि लवकर तडकत नाही. माझ्यासारखीला हे न तडकणं फार मोलाचं.

त्याचा त्रास एकच, पिठ्या ढेकूण. फळाच्या डोळ्यांच्या खाचांत पांढरा कापूस ठेवल्यासारखा दिसतो. एका पावसाळ्यात मी दुपारभर बुंध्याशी बसून बघत होते. काळ्या मुंग्यांची रांग वर चालली होती आणि रांग संपत होती ती बरोबर त्या कापसाशी. ढेकणाच्या अंगातून गोड चिकट पाणी येतं, ते मुंग्यांना हवं असतं, म्हणून त्या त्याला जपतात, इकडून तिकडे नेतात. म्हणजे मुंगी रोखली तर निम्मं काम झालं. तेव्हापासून जुलैमध्ये प्रत्येक बुंध्याला प्लॅस्टिकचा पट्टा गुंडाळून वर ग्रीस फासते. मुंग्या त्या पट्ट्यापाशी येऊन थांबतात, मिशा हलवतात, वळतात. चोवीस झाडांना ग्रीस फासून सोमवारी नोटा मोजायला बसले की नखांकडे बघून कॅशियरबाई विचारतात, गॅरेज टाकलं का?

काळविटांचंही सांगायला हवं. माळढोक अभयारण्य जवळ आहे. माळढोक आम्हाला कधी दिसला नाही, काळवीट मात्र कळपाने दिसतात. देखणा प्राणी, त्याला हात लावायचा नाही, लावावासाही वाटत नाही. मागच्या वर्षी मी कुंपणाला जुन्या साड्या बांधल्या होत्या, त्यात माझी एक विटलेली इरकलही होती. एका सकाळी पाहिलं तर साड्या जागच्या जागी आणि आतल्या हरभऱ्याचे शेंडे सपाट. मी रडकुंडीला आले. आप्पांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरंच झालं की. मजूर लावून शेंडं खुडावं लागतंय, हितं फुकटात झालं." आणि खरंच, पुढे त्या हरभऱ्याला फुटवे धरले. भोगीच्या भाजीपुरते सोलाणे घरचे निघाले. पण हे काही दरवर्षी चालणार नाही, त्यांनी एकदाच आणि वेळेत खाल्लं म्हणून.

आत्ता नवरात्र चालू आहे आणि सीताफळं उतरताहेत. फळाचे डोळे फुगतात, मधल्या खाचा पिवळट-पांढऱ्या दिसायला लागतात, तेव्हा तोडायचं. रविवारी तोडलेलं बुधवार-गुरुवारी पिकतं. काल सत्तावन्न फळं निघाली. दहा आप्पांकडे दिली, बाकीची ज्वारीच्या डब्याशेजारी पोत्यावर मांडून ठेवलीत. बुधवारी पिशवी घेऊन बँकेत जाईन, लंचला सगळ्यांच्या पुढ्यात बियांचे ढीग असतील.

भेंडी मी सोडली असं मात्र नाही. दोन ओळी अजून लावते, पण त्या आप्पांच्या घरच्या मामींच्या. सोमवार ते शनिवारची भेंडी त्यांची, रविवारची माझी. व्यवहार चोख आहे. फक्त काल गेले तर झाडावर एकही भेंडी नव्हती. मामी म्हणाल्या, "पाव्हनं आलतं वो शनवारी." घरी परतताना मार्केटात थांबले, गाडीच्या डिकीत सत्तावन्नातली उरलेली सत्तेचाळीस सीताफळं, आणि वीस रुपये देऊन पावशेर भेंडी घेतली. बाईंनी टोक मोडून दाखवलं. कट्कन मोडलं.