लॅमिंग्टन रोडवर डिस्क घेताना : नाशिकहून एका दिवसाची फेरी

माझा भाचा नाशिकला स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे आणि त्याच्यासाठी संगणक विकत आणण्याऐवजी सुटे भाग घेऊन घरीच जोडायचा, असे या वर्षी ठरले. प्रोसेसर आय३-१२१००, मदरबोर्ड एच६१० आणि १६ जीबी रॅम, एवढे ठरायला वेळ लागला नाही. चर्चा लांबली ती डिस्कवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या भागावर. हात आखडता घ्यायचा झाला की पहिली कात्री डिस्कवर चालवली जाते. पण संगणक सुरू होणे, ऑटोकॅड उघडणे, ब्राउझरमध्ये दहा पाने एकदम चालवणे या रोजच्या कामांत जाणवणारा वेग बराचसा डिस्कच ठरवते. म्हणून एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग), डिस्क आणि काही किरकोळ सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-सामानाच्या बाजारात जाऊन, हातात घेऊन, पाहून घ्यायचे ठरवले. आमच्यासारखेच नाशिक, पुणे किंवा कोल्हापूरकडून जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. केवळ एका डिस्कसाठी मुंबई गाठू नये. गावातल्या दुकानापेक्षा जो काही फरक पडेल तो गाडीभाड्यात आणि जेवणात जाईल. दोन-तीन भाग एकत्र घ्यायचे असतील, किंवा हवा तो नेमका मॉडेल गावात मिळत नसेल, तरच ही फेरी परवडते. आमच्या बाबतीत दुसरे कारण अधिक खरे होते, कारण गावातल्या दुकानांत ‘१ टीबी हार्ड डिस्क आहे’ एवढेच उत्तर मिळत होते आणि कोणती, हे सांगायला कोणी तयार नव्हते.

मनमाडहून सकाळी सुटणारी पंचवटी एक्सप्रेस नाशिककरांना सोयीची आहे. ती दादरला थांबते, त्यामुळे सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटे येण्याचे कारण नाही. दादरला पुलावरून पश्चिम रेल्वेच्या फलाटांवर जावे आणि चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल पकडून ग्रँट रोडला उतरावे. स्थानकाच्या पूर्वेकडून बाहेर पडले की बाजार चालत गाठता येतो. फलकांवर ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असे नाव दिसेल. तोच लॅमिंग्टन रोड. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि इतर दिवशीही अकराच्या आत फारशी हालचाल नसते, त्यामुळे पहाटेच्या गाडीने येऊन काही साधत नाही. भर दुपारी गर्दी वाढते आणि दुकानदाराला बोलायला सवड राहत नाही. म्हणून अकरा ते एक हा वेळ सर्वांत चांगला.

बाजारात फिरून निर्णय घेऊ, असे मनात धरून जाणाऱ्याची तिथे दमछाक होते. दर दुकानी वेगळे नाव पुढे केले जाते आणि किमतींतला फरक इतका थोडा असतो की अखेर जो गोड बोलेल त्याचा माल घेतला जातो. निर्णय घरी व्हावा, कागदावर मॉडेल क्रमांक लिहून न्यावेत आणि बाजारात फक्त तोच माल, तो नवा आहे की नाही, आणि बिल कसे मिळते, एवढेच पाहावे, असे माझे ठाम मत आहे. आम्ही तसेच केले. त्यामुळे तो निर्णय कसा झाला, हे प्रवासापेक्षा अधिक विस्ताराने सांगतो.

फिरत्या हार्ड डिस्कची मर्यादा यांत्रिक आहे. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्यांची, डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद, वाट पाहावी लागते. ५४०० आरपीएमला हाच आकडा ५.६ होतो. यात हेड एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकण्याचा वेळ मिळवला की, इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे वाचताना सेकंदाला साधारण शंभरच वाचने होतात. सलग मोठी फाइल वाचताना हीच डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी सहज देते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो छोट्या फाइली वाचल्या जातात आणि तिथे तिचा दम निघतो. एसएसडी माहिती चिपांवर साठवते; तिच्यात फिरणारा भाग नसल्याने अशी वाचने सेकंदाला हजारोंच्या संख्येने होतात. म्हणून, पैसे कितीही बेताचे असले तरी ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीवरच असावी. वाटल्यास ती २५० जीबीची घ्यावी, पण घ्यावी.

पुढचा प्रश्न एसएसडी कोणत्या जोडणीची घ्यावी हा : जुनी साटा की नवी, अधिक वेगवान एनव्हीएमई. साटाची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जाते. एनव्हीएमईची तिसऱ्या पिढीची ३५०० च्या आसपास आणि चौथ्या पिढीची ७००० पर्यंत जाऊ शकते. आकडे पाहून मोह होतो, पण एच६१० बोर्डावरचा एम.२ स्लॉट (पट्टीच्या आकाराची एसएसडी बसवायची खाच) तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतो, त्यामुळे चौथ्या पिढीसाठी जास्त मोजलेला पैसा तिथे वायाच जातो. ज्यांच्याकडे एच६१ सारखा जुना बोर्ड आहे त्यांनी तर एनव्हीएमईचा विचारच सोडावा, त्यावर एम.२ स्लॉट नसतो, आणि साटाही जुन्या, ३ गिगाबिटच्या वेगाचे असते. तिथे साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. निम्म्या वेगाने चालूनही ती जुन्या संगणकाचा कायापालट करते. एम.२ आकाराची प्रत्येक पट्टी एनव्हीएमई नसते, हेही ध्यानात ठेवावे. त्याच आकारात साटाच्याही मिळतात आणि काउंटरवर दोन्ही सारख्याच दिसतात.

एसएसडी ‘झिजते’ ही भीती अनेकांना असते. तिचे उत्तर टीबीडब्ल्यू या आकड्यात आहे. एकूण किती टेराबाइट लेखन होईपर्यंत वॉरंटी लागू आहे, हे त्यातून कळते. क्रूशियल पी३ च्या ५०० जीबीला ११० टीबीडब्ल्यू दिलेले आहे. विद्यार्थ्याच्या संगणकावर रोज २० जीबी लिहिले गेले असे धरले, तरी वर्षाला सात-साडेसात टेराबाइट होतात आणि हा आकडा गाठायला पंधरा वर्षे लागतात. घरगुती वापरात हा चिंतेचा विषय नाही. क्यूएलसी (एका कोशात चार बिट साठवणाऱ्या, स्वस्त) प्रकारच्या एसएसडीत मोठी फाइल एका दमात उतरवताना मध्येच वेग कोसळतो, हा तिचा खरा उणा भाग. चित्रफिती संपादित करणाऱ्यांनी टीएलसी (एका कोशात तीन बिट साठवणारी) घ्यावी, इतरांनी पैसे वाचवावेत.

साठवणीसाठी मात्र फिरती डिस्क अजून योग्य वाटते. घरातल्या लग्नांच्या चित्रफिती, फोनमधले फोटो, पदविकेचे जुने प्रकल्प यांना वेग लागत नाही, जागा लागते. इथेच सीएमआर आणि एसएमआर हा भेद येतो आणि तो पेटीवर क्वचितच छापलेला असतो. सीएमआर डिस्कवर ट्रॅक शेजारी शेजारी असतात, तर एसएमआर डिस्कवर ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे कमी चकत्यांत जास्त जागा मिळते, पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदाच भरून ठेवायच्या साठवणीला हे चालते. सतत लेखन असेल तर डिस्क मिनिटेच्या मिनिटे अडून बसते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क न सांगता एसएमआर केल्याचे उघड झाले, तेव्हा मोठी टीका झाली आणि त्यानंतर कंपन्यांनी कोणता मॉडेल कोणत्या प्रकारचा आहे याच्या याद्या प्रसिद्ध केल्या. त्या याद्या पाहूनच जावे. १ टीबीमध्ये वेस्टर्न डिजिटलचा डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स आणि सीगेटचा एसटी१०००डीएम०१० हे दोन्ही ७२०० आरपीएमचे आणि सीएमआर आहेत. २ टीबीमध्ये सीगेटचा एसटी२०००डीएम००८ हा ७२०० आरपीएमचा असूनही एसएमआर आहे. म्हणजे केवळ आरपीएम पाहून निवड करता येत नाही. साध्या घरगुती मालिकांतल्या २ टीबीच्या डिस्कवर २५६ एमबी कॅश (डिस्कची तात्पुरती स्मृती) दिसली तर ती एसएमआर असण्याची दाट शक्यता समजावी.

कागदावर ५०० जीबीची एनव्हीएमई आणि वरच्या दोनांपैकी कोणतीही १ टीबीची डिस्क, असे लिहून आम्ही गेलो. किमती आठवड्या-आठवड्याला हलतात, म्हणून आकडे देत नाही; पण या दोन्हींची किंमत जवळपास सारखीच निघाली, आणि एकच घ्यायची असती तर मी निःसंशय एसएसडी घेतली असती.

पहिल्या काही दुकानांत सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या डिस्क पुढे करण्यात आल्या. या रस्त्यावर कॅमेऱ्यांचा व्यापार मोठा असल्याने डब्ल्यूडी पर्पल आणि सीगेट स्कायहॉक इथे मुबलक असतात. त्या संगणकात चालतात, परंतु त्यांची रचना अखंड ध्वनिचित्रमुद्रण लिहून घेण्यासाठी केलेली आहे. बंद पिशवीतल्या, पेटीविना, भलत्याच स्वस्त डिस्कही दिसल्या. भाच्याने हळूच विचारले, “मामा, ही नवीनच दिसते की, घ्यायची का?” मी त्याला लेबल वाचायला सांगितले. निर्मितीची तारीख चार वर्षांपूर्वीची होती आणि बाजूच्या स्क्रूच्या भोकांत आटे घासलेले होते. स्क्रू कधीच न बसलेल्या डिस्कच्या भोकांवरचा मुलामा अखंड असतो. मोबाइलच्या उजेडात हे क्षणात कळते, तेव्हा ही तपासणी कधीही चुकवू नये.

त्यानंतर तिथेच उभे राहून अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरच्या वॉरंटी तपासणीत टाकावा. ‘हा भाग दुसऱ्या यंत्राबरोबर विकला गेला आहे’ अशा अर्थाचे उत्तर आले, तर आपल्याला कंपनीची वॉरंटी मिळणार नाही, मग दुकानदार तोंडी काहीही सांगो. आयात केलेल्या पेटीवर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असलेले लेबल लागते. ते नसेल तर माल आडमार्गाने आला असे समजावे. ‘बिलाशिवाय घेतलेत तर इतके कमी करतो’ हा प्रस्ताव हमखास येतो. डिस्कवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यामुळे सूट डोळ्यांत भरते. पण बिलावर अनुक्रमांक नसेल तर दोन वर्षांनी दाद मागायला हाती काही उरत नाही. आम्ही शेवटी ज्या दुकानातून घेतले, तिथल्या काकांनी न सांगता दोन्ही अनुक्रमांक बिलावर लिहून दिले. किंमत इतरांहून किंचित जास्त होती, ती आम्ही आनंदाने दिली.

दुकान सोडण्यापूर्वी किरकोळ सामान मागून घ्यावे. सुट्या डिस्कबरोबर साटा केबल येत नाही. एम.२ चा बारीक स्क्रू मदरबोर्डाच्या पेटीत असतो, पण तो हरवला तर गावात मिळायला त्रास होतो. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे आणि अडीच इंचीचे बारीक आट्यांचे असतात. ते एकमेकांत चालत नाहीत. एसएमपीएसला साटाच्या पुरेशा जोडण्या आहेत ना, हेही पाहावे. जुन्या मोलेक्स जोडणीवरून साटाला वीज देणारे, ओतीव प्लास्टिकचे स्वस्त जोड आतून तापून जळल्याची उदाहरणे आहेत, ते टाळावेत. परतीच्या गाडीत डिस्क वरच्या फळीवर न ठेवता पेटीसह पाठीवरच्या पिशवीत, कपड्यांच्या मध्ये ठेवावी.

घरी आल्यावर प्रथम फक्त एसएसडी जोडून विंडोज टाकावे आणि हार्ड डिस्कची केबल तोवर लावूच नये. दोन्ही जोडलेल्या असल्या तर बूटसाठीचा छोटा भाग कधी कधी हार्ड डिस्कवर जातो, आणि पुढे ती काढली की संगणक सुरू होत नाही. हार्ड डिस्क नंतर जोडून जीपीटी या विभागणीच्या पद्धतीने तयार करावी. १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसले म्हणून घाबरू नये; कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

मग डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये वापराचे तास, ०५ क्रमांकाचे बदललेले सेक्टर आणि सी५ क्रमांकाचे प्रलंबित सेक्टर पाहावेत. शेवटचे दोन शून्यच हवेत आणि तास नाममात्र. केवळ या तासांवर मात्र विसंबू नये. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क तास शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. त्या पकडल्या गेल्या त्या फार्म नावाच्या, तासांचाही हिशेब ठेवणाऱ्या वेगळ्या नोंदींमुळे. स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीत सीगेटच्या डिस्कवरची ही नोंद वाचता येते. तासांचे दोन्ही आकडे जुळले की संपूर्ण पृष्ठभाग वाचणारी चाचणी लावावी. १ टीबीला सुमारे दोन तास लागतात. हे सर्व खरेदीनंतर दोन-तीन दिवसांतच उरकावे, कारण दुकानदार माल थेट बदलून देतो तो पहिल्या काही दिवसांपुरताच. नंतर कंपनीच्या सेवा केंद्राची वाट धरावी लागते. तिथे बदली डिस्क मिळते, आतला मजकूर मिळत नाही. म्हणून भाच्याच्या प्रकल्पांच्या फाइलींची एक प्रत आम्ही वेगळ्या पेन ड्राइव्हवर, घराच्या दुसऱ्या कपाटात ठेवली आहे, आणि बिलाचा फोटो त्याच्या व माझ्या अशा दोघांच्याही मोबाइलमध्ये आहे.