तुम्ही विचारलंत म्हणून : उंटाच्या मदारीत पाणी असते का?

बेळगावच्या एका मराठी शाळेत मी वीस वर्षे विज्ञान शिकवते आहे आणि उन्हाळा तोंडावर आला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : उंट मदारीत पाणी साठवतो, हे खरे का? मुले विचारतात, पालक विचारतात, अथणीकडचे माझे नातेवाईकही विचारतात. त्यांच्याकडे मार्चपासूनच टाकीतल्या पाण्याचा हिशेब सुरू होतो, त्यामुळे पाण्यावाचून तग धरायचा म्हणजे भरपूर साठा हवा, असे त्यांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

मदारीत पाणी नसते, चरबी असते. शरीरात चरबी जळली की पाणी तयार होते, हे खरे. एक ग्रॅम चरबीपासून एक ग्रॅमहून किंचित अधिकच. पण ती जाळायला प्राणवायू लागतो, त्यासाठी जास्त श्वास घ्यावा लागतो आणि कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ओल बाहेर जाते; त्यामुळे या व्यवहारात उंटाच्या पदरी नफा पडत नाही. मदार ही त्याची शिदोरी आहे, पाण्याची घागर नव्हे.

पुढचे समजावण्यासाठी मी वर्गात खानापूरचा मातीचा माठ ठेवते. सकाळी काठोकाठ भरलेल्या माठातले पाणी दुपारच्या सुट्टीपर्यंत बोटभर खाली गेलेले असते, बाहेरची बाजू ओलसर लागते आणि मुले तिला हात लावून गालाला लावतात. झिरपलेले पाणी वाफ होऊन जाताना आतली उष्णता घेऊन जाते, म्हणून उरलेले पाणी गार होते. आपल्या अंगाला घाम येतो तोही याचसाठी, म्हणजे गारवा आपण पाणी मोजून विकत घेतो. उंट हा सौदा होईल तितका टाळतो. प्यायला पाणी मिळत नसेल, तेव्हा त्याचे अंग पहाटे 34 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दिवसभर तापत तापत 41 अंशांच्या आसपास पोहोचते, आणि तोवर तो घामावर फारसे पाणी खर्च करत नाही. इतका ताप चढला तर आपण माणसाला दवाखान्यात नेतो. 500 किलो वजनाच्या उंटाचे या सात अंशांच्या मोकळिकीमुळे दिवसाला सुमारे 5 लिटर पाणी वाचते, कारण अंगात साठलेली उष्णता रात्रीच्या गार हवेत आपोआप निघून जाते.

त्याच्या अंगावरच्या दाट लोकरीचेही मोल मोठे आहे. क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात सहारात एका उंटाची लोकर कातरून पाहिली, तेव्हा त्याच्या घामाचे पाणी जवळजवळ दीडपट खर्च होऊ लागले. भर उन्हात घोंगडे घेऊन मेंढरांमागे चालणारे धनगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना लोकर बाहेरची उष्णता थोपवते हे पटवून द्यावे लागत नाही.

एकदा सहावीतल्या एका मुलीने मला विचारले, “बाई, मदारीत पाणी नाही म्हणताय, मग एका दमात शंभर लिटर पितंय ते जातंय कुठं?” इतका नेमका प्रश्न मला मोठ्या माणसांनी क्वचितच विचारला आहे. उंट वजनाच्या पाव हिश्श्याइतके पाणी गमावूनही जगतो. उष्ण हवेत माणूस त्याच्या निम्म्यातच दगावतो. माणसाचे रक्तच घट्ट होते, हृदयाला ते ढकलवत नाही, आतली उष्णता कातडीपर्यंत पोहोचत नाही आणि ताप एकाएकी भडकतो. उंटाच्या शरीरातले पाणी मुख्यतः पेशींतून आणि त्यांच्या भोवतालच्या द्रवातून कमी होते, रक्त बऱ्यापैकी पातळ राहते. नंतर दहा मिनिटांत तो 100 लिटरहून अधिक पाणी पितो, ते याच रिकाम्या जागा भरायला जाते. असे एकदम पाणी मिसळले तर इतर प्राण्यांच्या तांबड्या पेशी फुटतील, उंटाच्या लंबगोल पेशी मात्र मूळ आकारमानाच्या दुपटीहून अधिक फुगूनही शाबूत राहतात.

उरलेली काटकसर थोडक्यात सांगते. मूत्र दाट आणि थोडे, लेंड्या इतक्या कोरड्या की लगेच जळणाला चालाव्यात, आणि रात्री बाहेर पडणाऱ्या श्वासातली ओल परत टिपून घेणारे नाक. उत्तर अमेरिकेतला कांगारू उंदीर तर अशाच नाकाच्या आणि मूत्रपिंडांच्या बळावर कोरड्या बिया खाऊन, पाणी न पिता आयुष्य काढू शकतो.

पण खरोखर पाणी अंगावर वाहून नेणारा जीव पाहायचा असेल, तर त्यासाठी वाळवंटात जायची गरज नाही. अथणीपासून विजापूरपर्यंतच्या कोरड्या माळांवर पखुर्डी हा मातीच्या रंगाचा पक्षी आढळतो. त्याच्या जातकुळीतला नर पाणवठ्यावर पोटाची पिसे भिजवतो, हे 1896 मध्ये मीड-वॉल्डो यांनी लिहिले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. 1967 मध्ये केड आणि मॅक्लीन यांनी आफ्रिकेतल्या निरीक्षणांनी ते सिद्ध केले. या पिसांतले बारीक तंतू ओले झाले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. नर ते घेऊन मैलोगणती उडत पिलांकडे येतो, ताठ उभा राहतो, आणि उडता न येणारी पिले त्याच्या पोटाखाली शिरून ओल्या पिसांतून चोच ओढत पाणी पितात.