दुबार प्रत

ग्रंथालयातून पुस्तक बाद करायचं असेल तर आधी यादी होते, मग समिती बसते, ग्रंथपालाची सही होते, दाखल नोंदवहीत त्या क्रमांकावर लाल शाईने रेघ मारतात आणि शेवटी रद्दीवाल्याचा टेम्पो येतो. यातली सही माझी असते. एका यादीवरची सही अजून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या महाविद्यालयात अनेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेले एक फादर वारले, तेव्हा त्यांची सगळी पुस्तकं ग्रंथालयाला मिळाली होती. पुढे तळमजल्यावर संगणक कक्ष करायचं ठरलं आणि तिथली कपाटं रिकामी करा असा निरोप आला. वेळ तीन आठवडे. इतक्या कमी वेळात निवड करायची तर एकच सोपी वाट असते, दुबार प्रती काढायच्या. संगणकाला सांगितलं की शीर्षक आणि आडनाव जुळवून तो यादी देतो. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दिसल्या की जुनी, पिवळी पडलेली, पाठ सुटलेली प्रत बाद.

दुबार प्रत आणि दुसरी आवृत्ती हा फरक यंत्राला कळत नाही. तो नामपृष्ठामागच्या पानावर असतो. प्रकाशनवर्ष, आवृत्ती, ‘सुधारित’, ‘विस्तारित’ असे शब्द तिथे बारीक अक्षरात छापलेले असतात. आमच्या जुन्या नोंदी संगणकात भरायचं काम बाहेरच्या मुलांना दिलं होतं आणि पैसे नोंदीमागे होते. अशा बोलीवर पान उलटून कोण बघणार? त्यांना मी दोष देत नाही. ते पान उलटून बघणं हे माझं काम होतं, आणि त्या तीन आठवड्यांत मी ते केलं नाही.

एका मंगळवारी वसईच्या एक सिस्टर आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणलं होतं: पणिक्कर, ‘द अननोन ख्राइस्ट ऑफ हिंदुइझम’, १९६४. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, ‘१९८१ची नको’.

रायमोन पणिक्कर हे नाव आमच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, शोधणं हीच एक परीक्षा आहे. कॅथलिक धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ, १९१८ साली बार्सिलोनात जन्म, वडील केरळचे हिंदू, आई कॅटलान कॅथलिक. पुस्तकांवर नाव कुठे रेमंड, कुठे रायमुंडो, कुठे रायमोन. आमच्या तालिकेत त्यांची काही पुस्तकं इतिहासकार सरदार का. मा. पणिक्कर यांच्या नावाखाली जाऊन बसली होती. नावाचं प्रमाणरूप एकदा ठरवून बाकीची रूपं त्याला जोडून देणं हे तालिकाकाराचं पहिलं काम. ते मी काही वर्षांपूर्वी बसून केलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

वर्गांकाचं तर विचारूच नका. पुस्तकाला विषयाप्रमाणे अंक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत ख्रिस्ती धर्म आणि इतर धर्म यांना २६१.२. हिंदू धर्माचा अंक २९४.५, त्यातले २९ सोडून उरलेले ४५ मागे जोडायचे की झालं २६१.२४५, म्हणजे ख्रिस्ती धर्म आणि हिंदू धर्म. ‘अननोन ख्राइस्ट’ इथे बसतं. पण त्यांचंच ‘द वेदिक एक्स्पिरिअन्स: मंत्रमंजरी’ हे १९७७ सालचं वेदमंत्रांचं जाडजूड संकलन वेदवाङ्मयात, २९४.५९२१ला. बुद्धाच्या मौनावरचं पुस्तक २९४.३ला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रैक्यावरचं २३१ला. एकाच माणसाची पुस्तकं चार कपाटांत. आपण ख्रिस्ती म्हणून निघालो, हिंदू असल्याचा शोध लागला आणि बौद्ध होऊन परतलो, पण ख्रिस्ती असणं कधी सुटलं नाही, असं ते स्वतःबद्दल सांगत. आमच्या कपाटांपुढे उभं राहिलं की ते वाक्य मला अक्षरशः दिसतं.

सिस्टरांसमोर मी नोंद उघडली. १९८१ची प्रत: उपलब्ध. दुसऱ्या नोंदीपुढे: दुबार, बाद.

“बाद म्हणजे?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, पिशवीतून वही काढली आणि शाळेतल्या मुलीला समजवावं तसं मला समजावून सांगू लागल्या. त्या या पुस्तकातल्या एका प्रकरणाचं मराठी भाषांतर करत होत्या आणि शीर्षकापाशीच अडल्या होत्या. इंग्रजीतल्या एका ‘ऑफ’पाशी.

“लोक ‘हिंदू धर्मातील अज्ञात ख्रिस्त’ म्हणतात,” त्या म्हणाल्या. “‘तील’ म्हटलं की कोणीतरी बाहेरून नेऊन आत ठेवल्यासारखं वाटतं. ‘हिंदूंना अज्ञात’ म्हटलं तर आपल्याला ठाऊक आहे आणि त्यांना नाही, असा अर्थ होतो. आणि ‘हिंदू धर्माचा’ म्हटलं तर?”

१९६४ साली हे पुस्तक आलं तेव्हा कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद अजून चालू होती. इतर धर्मांबद्दल कॅथलिक चर्चची भूमिका मांडणारा ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा २८ ऑक्टोबर १९६५चा, म्हणजे नंतरचा. पणिक्करांनी त्याआधीच ब्रह्मसूत्रं या वेदान्ताच्या मूळ ग्रंथातलं दुसरं सूत्र, ‘जन्माद्यस्य यतः’, घेऊन त्यावर ख्रिस्ती अंगाने भाष्य लिहिलं होतं. ज्यापासून या जगाचं जन्म वगैरे सगळं होतं, तो ‘यतः’ कोण? अद्वैत वेदान्तात ब्रह्म आणि जग यांना जोडायचं काम ईश्वर करतो. पणिक्करांनी तिथे ख्रिस्त वाचला. पण पहिल्या आवृत्तीत अजून हिंदू धर्माला ख्रिस्तात पूर्णता मिळते असा सूर आहे. १९८१च्या सुधारित आवृत्तीत तो सूर त्यांनी स्वतःच मागे घेतला. ख्रिस्ती माणसाला ठाऊक असलेला आणि हिंदूला ठाऊक नसलेला असा हा ख्रिस्त नव्हे, तो ख्रिस्ती माणसालाही पुरता ठाऊक नाही, अशी तिथली मांडणी आहे. येशू हा ख्रिस्त आहे, पण ख्रिस्त म्हणजे केवळ येशू नव्हे, हे त्यांचं म्हणणंही त्यातलंच.

सतरा वर्षांत माणसाने आपलंच पुस्तक आतून बदललं होतं आणि नाव तेच ठेवलं होतं. ते नावच आमच्या संगणकाने जुळवलं.

“दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय मला ‘चा’ लिहिता येणार नाही,” सिस्टर म्हणाल्या. “त्यांनी काय खोडलं ते बघायचंय मला.”

टेम्पोची एक फेरी शनिवारी झाली होती. उरलेली पोती जिन्याखाली होती. मी मामांना हाक मारली. मामा तीस वर्षं आमच्याकडे शिपाई आहेत, पुस्तक कुठल्या कपाटात होतं हे त्यांना संगणकाआधी आठवतं. ते म्हणाले, “फादरांची निळ्या पोत्यांत भरलीत मॅडम, मीच भरली.” समितीतल्या एकानेही पुस्तकं कोणाची म्हणून विचारलं नव्हतं. मामांनी मात्र ती वेगळी ठेवली होती.

सात पोती होती. सुतळ्या सोडून आम्ही दोघं जमिनीवर बसलो. सिस्टरही बसल्या, नको म्हटलं तरी. पाचव्या पोत्यात सापडलं. पाठ सुटलेली, पहिल्या पानावर आमचा शिक्का आणि त्यावर तिरका ‘बाद’ शिक्का, तोही माझ्याच टेबलावरचा. आत ब्रह्मसूत्राच्या प्रकरणात समासभर फादरांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर. एका जागी फक्त ‘यतः’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह. दुसरीकडे, दुसऱ्या पेन्सिलीत, ‘१९८१ पाहा’. म्हणजे त्यांनीही दोन्ही शेजारी ठेवून वाचली होती. दोन्ही प्रती त्यांनी मुद्दाम बाळगल्या होत्या.

सिस्टर संध्याकाळी साडेपाचपर्यंत वाचत बसल्या. एक बोट या पुस्तकात, एक त्या. जाताना मी विचारलं, काय ठरलं? “‘चा’च,” त्या म्हणाल्या. “पण उद्या परत येते, अजून खात्री नाही.”

बाद झालेलं पुस्तक नियमाने परत आत घेता येत नाही. लाल रेघ पुसायची नसते. मी ते नवीन देणगी म्हणून दाखल केलं, फादरांच्याच नावाने, नव्या क्रमांकाने. उरलेल्या सहा पोत्यांतलं प्रत्येक पुस्तक पुढच्या चार दिवसांत मी नामपृष्ठ उलटून पाहिलं आणि आणखी अकरा परत घेतली. शनिवारच्या फेरीत मात्र निळी पोती तीन गेली होती. त्यांची यादी माझ्याकडे आहे, सहीसकट. यादीत शीर्षक आणि आडनाव आहे. आवृत्तीचा रकानाच नाही.

तो रकाना आता मी जोडला आहे. आणि नव्या दाखल क्रमांकापुढे शेऱ्यात लिहिलं आहे: ‘पहिली आवृत्ती, १९६४. समासात दात्याच्या टिपा. १९८१च्या प्रतीशी दुबार नाही.’