रबराचं वय

जुनी होंडा सिटी रोजच्या वापरात आहे म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. पळते किती आणि ॲव्हरेज किती देते. तिच्यातल्या रबराची चौकशी आजवर कुणी केलेली नाही, आणि माझा बराचसा पैसा तर तिथेच गेलाय.

ही सिटी भारतात १९९८ साली आली. पुढे २००० मध्ये तिला व्हीटेक इंजिन मिळालं, दीड लिटरचं, १०६ हॉर्सपॉवरचं. त्या वेळी गल्लोगल्ली दिसणाऱ्या मारुती ८०० ची ताकद चाळिशीच्या आसपास होती, म्हणजे कॉलेजची पोरं ही गाडी दिसली की माना का वळवायची ते सांगायला नको. व्हीटेकची करामत देखणी आहे. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडायला कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या फिरत्या दांड्यावर, दोन तऱ्हेचे उंचवटे असतात, बुटके आणि उंच. गावातल्या चालीला बुटके पुरतात. इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांची सुई पाच हजारांकडे गेली की ऑइलच्या दाबाने एक बारकी पिन सरकते, रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे हात, एकमेकांत अडकतात आणि उंच उंचवटा कारभार हातात घेतो. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात आणि इंजिनाचा आवाजच बदलतो. त्या आवाजापायी माणसं अजून ही गाडी जपतात. मीही त्यातलाच. पण सगळा खेळ ऑइलच्या दाबाचा, म्हणून अपग्रेडच्या गप्पा मारण्याआधी ऑइल वेळेवर बदलावं आणि ते ऑइल सोडणाऱ्या विजेच्या झडपेपाशी, म्हणजे सोलेनॉइडपाशी असलेली बारीक जाळी साफ करून घ्यावी. ‘व्हीटेक मेलं’ म्हणून आणलेल्या कितीतरी गाड्या तेवढ्यावर उठून बसतात.

आमचे संभाजीनगरचे मिस्त्री चाचा इंजिनाची काळजी करतच नाहीत. ‘लोहे कू कुछ नई होता भाऊ, रब्बर मर जाता.’ इंजिनाचं मौंटिंग, लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरी गादी), एक्सलचे बूट, रेडिएटरचे होज, ब्रेकच्या सिलिंडरचं किट, दाराचं बिडिंग. गाडी चालो न चालो, रबर आपलं वय मोजत राहतं, आणि मराठवाड्याच्या उन्हात जरा भरभरच मोजतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४४ च्या आसपास जातो, तेव्हा बॉनेटखाली काय चाललं असेल ते त्या होजलाच ठाऊक.

हल्लीची पोरं सांगतात, पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकचे बुश टाका, परत बघायला नको. टिकतात हे खरं. पण रेसच्या ट्रॅकवर स्टिअरिंग नेमकं ठेवणारा त्यांचा कडकपणा आपल्या आडरस्त्यावर थेट कमरेत उतरतो. मी साधं रबरच घातलं. रोज जालन्याला जाणाऱ्या माणसाने कंबर आधी बघावी.

धातूच्या बाबतीत मात्र हे शहर म्हणजे माहेर आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या सुट्या भागांवर हजारो घरं चालतात. बुशची घासलेली बाहेरची नळी नमुन्याला नेली तर लेथवाला चहा संपायच्या आत नवी कातून हातात देतो. २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी देशभर झाली. जुन्या सिटीची नळी कातून मिळते, याची कोण करणार? मला विचाराल तर शहराची श्रीमंती त्या लेथपाशी जास्त दिसते.

गाडी तापली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून फेकायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. माझ्या गाडीतलाही आधीच कुणीतरी काढलेला होता. त्यामुळे इंजिन हवं तेवढं तापतच नाही, कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, आणि तो पेट्रोल जास्त ओततो. नवा थर्मोस्टॅट, नवा रेडिएटर, नुसत्या पाण्याऐवजी कूलंट आणि पंख्याला नवी रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. मराठवाड्यातलं पहिलं अपग्रेड हे. टर्बोचं नंतर बघू. (बघणार नाही.)

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते ऊस आणि धान्यातून येतं, म्हणजे लातूर-धाराशिवच्या उसाचाही त्यात वाटा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. शिवाय जुन्या घडणीचं रबर ते फुगवतं, मऊ करतं. आमच्या मामांचा ऊस आहे. पेट्रोलचे सगळे पाइप वायटॉनचे, म्हणजे इथेनॉलला दाद न देणाऱ्या रबराचे बसवले तेव्हा बिल त्यांना दाखवलं, तर म्हणाले, ‘मग बैल घे की.’

हेडलाइटलाही रिले टाकल्या. एरवी सगळा करंट जुन्या स्विचमधून फिरतो आणि बल्बपर्यंत पोचेस्तोवर थकतो. रिले लावल्यावर साधा हॅलोजनही लख्ख पडतो, समोरच्याचे डोळे न फोडता. टायर मात्र वय बघूनच घेतले. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. १०६ हॉर्सपॉवरला ती जड नाही, पण नक्षी शाबूत असलेल्या म्हाताऱ्या टायरला भर दुपारी तापलेल्या काँक्रीटवर फार जड आहे. शेवटी तेही रबरच.

आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो आवाज? करमाडच्या पुढे कापूस भरून दोन्ही बाजूंनी फुगलेला टेम्पो आडवा येतो. समोरचा रस्ता मोकळा दिसला की तिसरा गिअर, सुई पाचच्या वर, टेम्पो मागे. जेमतेम तीन-चार सेकंद. मग पुढे लगेच ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागे मुकाट्याने बदनापूरपर्यंत.